फासा कोणाच्या हातात?

सापशिडी आणि भिकार-सावकार या दोन खेळांचा एक मोठेपणा फारसा कोणी सांगत नाही. त्यांना खेळाडू लागत नाही. बुद्धिबळाला डोकं लागतं, कॅरमला बोट लागतं, रमीला निदान निर्विकार चेहरा लागतो. सापशिडीत दान पडतं, सोंगटी सरकते, साप असेल तर खाली, शिडी असेल तर वर. यात खेळणाऱ्याने ठरवण्यासारखं काहीही नसतं. ९८ वरून घसरलेला माणूस चुकलेला नसतो आणि शंभरावर पोचलेला हुशार नसतो. तरी पहिला कपाळाला हात लावतो आणि दुसरा कॉलर ताठ करतो, हा मनुष्यस्वभाव.

त्यामुळे घरच्या मंडळींसाठी ब्राउझरमध्ये चालणारी सापशिडी करायचं निघालं, तेव्हा "त्यात काय अवघड आहे?" यावर आमच्या घराण्यात दुर्मीळ असं एकमत झालं. खेळाडू चार. वय विचारायचं नाही या अटीवर सांगलीची आत्या. कुठल्याही निमंत्रणाला "बघतो" एवढंच उत्तर देणारे नाशिकचे काका. न्यू जर्सीतला चुलतभाऊ. आणि ठाण्याची आठवीतली पुतणी. खेळ करणार माझा भाचा. तो हिंजवडीत नोकरी करतो आणि घरात कोणाचाही प्रिंटर अडला की फोन त्यालाच जातो. मी स्वतः, वेबसाइटी पीएचपीत लिहायच्या काळात, याच धंद्यात होतो. त्यामुळे सल्लागार म्हणून, म्हणजे कोणी न विचारता, हजर होतो.

सोपा खेळ करायला बसलेला प्रोग्रॅमर बघण्यासारखा असतो. पट, सोंगट्या आणि शिड्या त्याच्या एका संध्याकाळीत होतात. सापांना थोडा जास्त वेळ लागतो, कारण ते वळवळते दिसले पाहिजेत असा त्याचाच हट्ट असतो. मग "सर्व्हर कशात लिहायचा?" हा प्रश्न येतो आणि खेळ बाजूला राहतो. पीएचपी म्हटलं की तरुण हसतात, नोड म्हटलं की जुनेजाणते सुस्कारा सोडतात. पायथनवाले म्हणतात, "आमच्याकडे हे तीन ओळींत होतं." त्या तीन ओळी चालण्याआधी काय काय बसवावं लागतं, ते मात्र सांगत नाहीत. रस्टवाले मध्येच उठून मेमरीच्या सुरक्षिततेवर बोलतात. सापशिडीला मेमरी लागते किती, हे कोणीच विचारत नाही.

ते मी विचारलं. सोंगटी ० ते १०० यांपैकी कुठल्या घरात आहे हे लिहायला ७ बिट पुरतात. चौघांचे २८ झाले. पाळी कोणाची हे लिहायला आणखी २. एकूण ३० बिट, म्हणजे चार बाइटांत सगळा डाव बसून दोन बिट शिल्लक राहतात. संगणकात देवनागरीचं एकेक चिन्ह साधारणपणे ३ बाइट घेतं. स, त्याचा काना आणि प मिळून 'साप' हा शब्द ९ बाइटांचा होतो. म्हणजे चार माणसांच्या चालू डावाला जेवढी जागा लागते, त्याच्या दुपटीहून जास्त जागा नुसता साप लिहायला लागते.

"बरोबर आहे मामा," भाचा म्हणाला, "पण स्केल झालं तर?"

स्केल होणं म्हणजे एके दिवशी अचानक लाखो लोक खेळायला येणं. आमच्या चौघांतले काका तेव्हा अजून "बघतो" या अवस्थेत होते.

पहिला आणि सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे सर्व्हर ठेवायचाच नाही. पान पाठवून द्यायचं आणि हात झटकायचे. याला हसू नये. २०१४ च्या मार्च महिन्यात गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन मुलाने शनिवार-रविवार खर्चून '२०४८' हा आकडे सरकवायचा खेळ केला आणि जगभरातल्या कचेऱ्यांतलं काम काही आठवडे थंडावलं. सगळा खेळ ब्राउझरमध्ये. सर्वोत्तम गुणसंख्याही ब्राउझरच्याच कप्प्यात. ती वाढवायची असेल तर खेळायची सक्ती नव्हती, कप्पा उघडून आकडा बदलला तरी चालत होतं. जोश वॉर्डलचा 'वर्डल' ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकांपुढे आला तोही याच जातीचा. रोजचा शब्द कुठला दूरचा सर्व्हर ठरवत नव्हता. उत्तरांची सगळी यादी पानाच्या कोडमध्ये क्रमवार लिहिलेली होती आणि तारीख तुमच्याच यंत्राची घेतली जायची. घड्याळ एक दिवस पुढे ढकललं की उद्याचा शब्द आज हजर. तरी बहुतेक लोक सकाळच्या चहाबरोबर इमानेइतबारे डोकं खाजवत बसले, कारण एकट्याच्या खेळात फसवायला आपल्याशिवाय कोणी सापडत नाही. जानेवारी २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने हा खेळ सात आकडी डॉलर मोजून घेतला. क्लाउडची सात आकडी बिलं भरणाऱ्यांनी या व्यवहाराकडे एकदा निवांतपणे पाहावं.

हा मार्ग एकट्यापुरता ठीक. चौघं जमली की त्याचा निभाव लागत नाही, कारण फासा ब्राउझरमध्ये पडतो आणि ब्राउझर खेळाडूच्या ताब्यात असतो. भाच्याने पहिला नमुना असाच केला होता, "नुसतं दाखवायला" म्हणून. पुतणीने एफ १२ ही कळ दाबली, पानाच्या पोटातलं यंत्र उघडं केलं, स्वतःच्या सोंगटीपुढे शंभर लिहिलं आणि खेळ जिंकला. आत्याने तोंडभर कौतुक केलं: "पोरीच्या हाताला काय गुण आहे!" चुलतभावाने तिकडून विचारलं, की हा गुण त्यालाही शिकवतील का. एफ १२ नंतर काय लिहायचं ते पुतणीने त्याला खासगीत कळवलं. पुढच्या डावात दोघं एकाच वेळी जिंकले आणि फासा एकदाही पडला नाही.

यावरून या धंद्यातला पहिला नियम निघतो: ब्राउझरचं काही खरं मानायचं नाही. ब्राउझरने "मला फासा टाकावासा वाटतो" एवढी इच्छा कळवावी. फासा टाकणार सर्व्हर, सोंगटी हलवणार सर्व्हर, साप कुठे आहे ते ठरवणार सर्व्हर. ब्राउझरने मिळालेला निकाल गोड मानून चित्र काढावं. एकदा हे मान्य केलं की सापशिडीचं मूळ दुखणं उघडं पडतं. सर्व्हरला आत्याची गरजच उरत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो चौघांचा पूर्ण डाव खेळून निकाल जाहीर करू शकतो. 'फासा टाका' हे बटण आपण ठेवतो ते निव्वळ शिष्टाचार म्हणून.

आता हा सर्व्हर कसा असावा? मी अर्थातच पीएचपीच्या बाजूने उभा राहिलो. रासमुस लेर्डोर्फने ही भाषा १९९५ मध्ये लोकांपुढे ठेवली. मुळात ती हत्यारं त्याने केली होती आपला इंटरनेटवरचा बायोडेटा कोण कोण बघून जातं ते कळावं म्हणून. ज्या घरांतून लग्नासाठी बायोडेटा बाहेर गेलेला आहे, त्यांना या शोधामागची तळमळ वेगळी समजावून सांगायला नको. पीएचपीचा स्वभाव विसराळू. वेबचा मूळ करारही तसाच आहे, प्रत्येक मागणी नवी आणि मागचं काही आठवायचं नाही. त्यावर उपाय म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुलीने कुकी काढली. आत्या बटण दाबते. पीएचपी जागं होतं, कुकी वाचून "अच्छा, आत्या का" म्हणतं, डेटाबेसमधून डाव काढतं, फासा टाकतं, डाव परत ठेवतं आणि तिथल्या तिथे देह ठेवतं. पुढच्या दानाला नवा जन्म. मेमरी गळायची तक्रार नाही, कारण गळण्याएवढं ते जगतच नाही.

या विसराळूपणावर मोठमोठी साम्राज्यं चालली आहेत. जर्मनीतून आलेले 'ओगेम' (२००२) आणि 'ट्रॅव्हियन' (२००४) हे खेळ ब्राउझरमध्येच खेळायचे. खाणीतून दर तासाला धातू निघतो, सैन्य कित्येक तासांनी पोचतं. खेळणाऱ्याला वाटतं, आपण झोपलो तरी तिकडे खाणीत काम चालू आहे. तसलं काही करायची गरज नसते. सर्व्हरने फक्त एक वेळ टिपून ठेवायची. सकाळी मालक आले की "किती तास झाले?" असा गुणाकार करायचा आणि "घ्या, एवढा धातू निघाला" म्हणून आकडा पुढे करायचा. झिंगा कंपनीचं 'फार्मव्हिल' जून २००९ मध्ये आलं, त्यात स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची आणि वेळेवर तोडली नाही तर सुकून जायची. महाबळेश्वरच्या बागायतदाराने ऐकलं असतं तर त्याने दोन्ही गोष्टींवर स्वतंत्रपणे हरकत घेतली असती. पण तत्त्व तेच. चार तास ते रोप वाढवत बसायची गरज नाही, लावल्याची वेळ जपली की पुरे. माझ्या लग्नात असा आळस चालवून घेतला गेला नाही, संगणकशास्त्रात मात्र त्याला मान आहे.

काकांचा प्रश्नही याच आळसाने सुटतो. त्यांची पाळी आली की चोवीस तासांची मुदत द्यायची. ती संपली का हे बघायला दर मिनिटाला गजर लावायचं कारण नाही. पुढे कधीतरी दुसरं कोणी खेळ उघडेल, तेव्हा सर्व्हरने घड्याळ पाहावं आणि काकांची पाळी हुकली असं मागल्या तारखेने जाहीर करावं. कोणीच उघडला नाही, तर काकांची पाळी अनंतकाळ चालू राहील. पण त्याचं वाईट वाटून घ्यायलाही तिथे कोणी नसेल.

आत्याचा प्रश्न एवढा सोपा नव्हता. आत्या प्रत्येक बटण दोनदा दाबते. लिफ्टचं, मिक्सरचं, एटीएमचं. पहिलं बटण लागलं असेल यावर तिचा विश्वास नाही. सर्व्हरकडे एका पाळीत दोन मागण्या जवळजवळ एकाच क्षणी पोचतात. दोघीही विचारतात, "पाळी आत्याची ना?" दोघींनाही उत्तर मिळतं, "हो." आणि आत्याला दोन दानं पडतात. बँकेत एकाच शिलकीतून दोनदा पैसे निघू नयेत म्हणून जी खबरदारी घेतात, तीच इथे घ्यावी लागते. आधी डावाला कुलूप, मग पाळीची खातरी, मग फासा, मग कुलूप काढायचं. आत्याला हे समजावलं, तर ती म्हणाली, "मग एकदाच दाबलं आणि लागलंच नाही तर?" जगभरच्या पेमेंटवाल्यांची झोप नेमका हाच प्रश्न उडवतो. त्यावरचा तोडगा असा, की प्रत्येक दाबण्याला एक क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवा फासा न टाकता जुनंच दान पुन्हा सांगायचं. आत्या कितीही वेळा दाबो, तिला तीनच पडतात. यावर तिचं म्हणणं, खेळ पूर्वी जास्त चांगला होता.

पुढचा घोळ पाळी कळण्याचा. पुतणीने फासा टाकला हे न्यू जर्सीला कसं कळणार? वेबच्या मूळ करारात सर्व्हरला स्वतःहून बोलायची मुभा नाही, विचारलं तरच उत्तर द्यायचं. म्हणून सर्वांत जुना उपाय म्हणजे ब्राउझरने दर सेकंदाला विचारत राहायचं: "माझी पाळी आली?" "नाही." "आता?" "नाही." चार खेळाडू, दर सेकंदाला एक प्रश्न, म्हणजे तासाला १४,४०० प्रश्न. अर्ध्या मिनिटाला एक दान धरलं, तर तासाभरात घडतं काय? १२० दानं. प्रवासात पाच वर्षांचं मूल बरोबर घेतलेल्यांना हे प्रमाण ओळखीचं वाटेल. याला पोलिंग म्हणतात. त्याची सुधारलेली आवृत्ती म्हणजे लाँग पोलिंग. त्यात सर्व्हर "नाही" म्हणतच नाही, बातमी येईपर्यंत प्रश्न तसाच धरून ठेवतो.

रायन डालने २००९ मध्ये नोड आणलं, त्यामागेही हीच चिडचिड असल्याचं सांगतात. फ्लिकरवर फोटो चढवताना किती टक्के गेला हे ब्राउझरला ठाऊक नसायचं, सर्व्हरला पुन्हा पुन्हा विचारावं लागायचं. डिसेंबर २०११ मध्ये वेबसॉकेटचा प्रमाणित मसुदा निघाला आणि हा जाच संपला. ब्राउझर साध्या वेबच्या भाषेत दार ठोठावतो, "आपण वरच्या वर्गात जाऊ या" असं सुचवतो, सर्व्हर १०१ हा आकडा देऊन होकार कळवतो आणि मग दोघांत एक उघडी तार राहते. तिच्यावर दोघंही मनात येईल तेव्हा बोलू शकतात.

उघडी तार म्हटल्यावर ती तुटणं आलंच. पुतणी गाडीने पुण्याला निघाली आणि खंडाळ्याच्या घाटात दर बोगद्यागणिक खेळातून गडप व्हायला लागली. ती गेली की गप्प बसली, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने "आहेस का?" विचारतो आणि "आहे" आलं नाही की तार मेली असं समजतो. मग पुतणी बोगद्यातून बाहेर आली की तिला मधल्या काळातली दानं सांगायची कशी, यावर भाच्याने एक आराखडा काढला. त्यात रांग होती, रांगेची नोंदवही होती आणि नोंदवहीची नक्कल होती. मी त्याला आठवण करून दिली, की सगळा डाव चार बाइटांचा आहे. परत आली की अख्खा डाव पाठव. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं.

कारण तोवर तो कुबरनेटिसपर्यंत, म्हणजे सर्व्हरांचा कळप हाकणाऱ्या यंत्रणेपर्यंत, पोचला होता. फळ्यावर चौकोन होते. एक फासा सेवा, एक शिडी सेवा, एक साप सेवा आणि या तिघींनी एकमेकींशी बोलावं म्हणून एक निरोप सेवा. प्रत्येकीच्या तीन तीन प्रती, एखादी पडलीच तर दुसरी हजर. पहिल्याच चाचणीत साप सेवा उशिरा उठली आणि सगळी मंडळी सापांच्या तोंडावरून हसतखेळत पुढे निघून गेली. दुसऱ्या चाचणीत शिडी सेवा आधी बोलली की साप सेवा, यावर दोघींचं जमेना आणि चुलतभावाची सोंगटी एकाच वेळी दोन घरांत दिसायला लागली. अमेरिकेत राहून सांगलीतही हजेरी लावायची त्याला सवय असल्याने त्याने तक्रार केली नाही.

"मामा, लाखो लोक आले तर?" हे पालुपद चालूच होतं. म्हणून त्याला लाखो लोकांची गोष्ट सांगितली. जून २०२४ मध्ये नोलन रॉयल्टी या अमेरिकी प्रोग्रॅमरने दहा लाख चौकटींचं एक पान काढलं. एकाने टिचकी मारली की ती खूण सगळ्या जगाला दिसायची, दुसरा लगेच ती पुसायचा. खेळ एवढाच. सुरुवातीचा सर्व्हर पायथनमधला साधासुधा आणि माहिती ठेवायला रेडिस. दहा लाख चौकटींना दहा लाख बिट, म्हणजे १२५ किलोबाइट. कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं गुलाबाचं फूल बहुधा यापेक्षा जड असतं. गर्दी उसळली, सर्व्हर धापा टाकायला लागला, आणखी यंत्रं जोडावी लागली, पुढे काही भाग दुसऱ्या भाषेत लिहावा लागला. पण हे सगळं लोक आल्यानंतर. आणि आलेल्या लोकांतल्या काही पोरांनी त्या खुणांच्या आडून एकमेकांना गुप्त निरोप लिहिले, हे कुठल्याही चौकोनात आधी काढून ठेवता आलं नसतं.

भाच्याने हे मन लावून ऐकलं आणि आराखड्यात रेडिसचा एक चौकोन वाढवला.

अंतराचा प्रश्न मात्र खरा असतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारे साडेबारा ते तेरा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन १३० मिलिसेकंदांच्या आसपास, तेही तार सरळ असेल तर. ती सरळ नसते. समुद्रातून वळसे घेत येणाऱ्या कितीतरी केबली मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात आणि प्रत्यक्षात फेरी दोनशे मिलिसेकंदांच्या घरात जाते. अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये क्लाउडचा मुंबई विभाग उघडला, तेव्हापासून सर्व्हर आपल्या दारात ठेवता येतो. पण मग चुलतभाऊ लांब पडतो. कोणीतरी लांब पडणारच, प्रकाशाला घाई करता येत नाही. २०१५ मध्ये ब्राझीलच्या १९ वर्षांच्या माथेउस वालादारेसने केलेल्या 'अगार डॉट आयओ'सारख्या खेळात हे दोनशे मिलिसेकंद जीवघेणे ठरतात. तिथे गोळे एकमेकांना गिळतात, आणि कोणी कोणाला गिळलं याचा निवाडा सर्व्हर देईपर्यंत गिळलेला पळून गेल्यासारखा दिसू शकतो. आमच्याकडे आत्या चष्मा शोधायला लागली की प्रकाश पृथ्वीला शेकडो प्रदक्षिणा घालून येतो.

आता उरला फाशाचा प्रामाणिकपणा. फासा सर्व्हरच्या हातात दिला आणि पुतणीवरचा संशय उठून भाच्यावर गेला. आमच्याकडे सहा पडल्याशिवाय सोंगटी निघत नाही. लागोपाठ दहा दानांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता १६ टक्के. चौघं खेळत असताना त्यांतल्या निदान एकाच्या वाट्याला हे येण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त. म्हणजे दर दुसऱ्या डावात घरातलं एक माणूस फुगून बसणार, हे गणितानेच लिहून दिलेलं आहे. पण फुगलेल्या माणसाला गणित दाखवलं की तो आणखी फुगतो.

त्यावरही उपाय आहे, आणि तो आपल्याकडे कधीपासूनचा आहे. मूल जन्मलं की सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर त्याचा सगळा लेख लिहून जाते. घरचे कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, पण लिहिलेलं कोणाला वाचता येत नाही. पुढे जे घडतं ते घडल्यावर सगळे म्हणतात, "होतंच लिहिलेलं." सर्व्हरने हेच करायचं. डाव सुरू होण्याआधी एक बीजसंख्या निवडायची, जिच्यातून पुढची सगळी दानं ठरतात. ती दाखवायची नाही. तिच्यावर एसएचए-२५६ ची प्रक्रिया करून निघालेली ६४ अक्षरांची मुद्रा मात्र आधीच ग्रुपवर जाहीर करायची. मुद्रेवरून बीज ओळखता येत नाही, पण डाव संपल्यावर बीज उघड केलं की कोणीही पडताळून बघावं, मधे काही बदललं का. सटवाईने एवढी पारदर्शकता कधी दाखवलेली नाही. सर्व्हरने सोयीचंच बीज निवडलं असेल, अशी शंका पुतणीने काढली. म्हणून मुद्रा जाहीर झाल्यावर प्रत्येकाने आपला एक शब्द द्यायचा आणि तो बीजात मिसळायचा, असंही ठरलं. आत्याने "श्रीराम" दिला. चुलतभावाने असा पासवर्ड दिला, की तो त्याच्या बँकेचा नसावा अशी मी प्रार्थना केली. काकांनी "बघतो" दिला.

सापशिडीचा पूर्वज म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचं नातं ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे, आणि खेळायचं कवड्यांनी. वर जायचं की खाली हे आपल्या हातात नाही, एवढं शिकवायला तेव्हा कवड्या पुरल्या. आम्ही ६४ अक्षरं प्रसिद्ध केली, बीज उघड केलं, पडताळणीची सोय दिली. ती आजवर कोणीही वापरलेली नाही. आत्याचं म्हणणं सरळ होतं: "एवढी अक्षरं तुलाच ठेव. मला सहा पडले नाहीत एवढं मला कळतं."

खरा पेच शेवटी आला, आणि तो भाषेचा, तारेचा किंवा मेमरीचा नव्हता. आत्याचा पाच वर्षांचा नातू तिच्या मांडीवर बसून तिचं बटण दाबत होता. ९८ वर साप चावला. पोराने भोकाड पसरलं. आत्याने फोन उचलून भाच्याला झापलं: "अरे, त्याला कसला साप चावतो? लिंबूटिंबू आहे ना तो!"

भाचा गप्प झाला. दोन-तीन दशकांत ब्राउझरी खेळांच्या सर्व्हरांवर एवढा विचार झाला. विसराळू सर्व्हर झाले, उघड्या तारा झाल्या, आधी जाहीर केलेल्या मुद्रा झाल्या. सगळ्यांचा रोख एकच, की कोणावर मेहेरनजर होऊ नये. आणि आमच्या घरातल्या खेळाचा पहिला नियमच असा, की एकावर तरी ती झालीच पाहिजे, आणि ती सर्वांना माहीत असूनही कोणी बोलून दाखवायची नाही.

शेवटी डेटाबेसमध्ये एक रकाना वाढला. लिंबूटिंबू: हो किंवा नाही. हो असेल त्याला साप चावत नाही. बातमी फुटायला वेळ लागला नाही. पुतणीने चाचणी परीक्षेचं कारण देऊन अर्ज केला. चुलतभावाने आपल्या दोनशे मिलिसेकंदांचा दाखला जोडला. आत्याने स्वतःसाठी मागणी केली आणि पुरावा म्हणून, आयुष्यात प्रथमच, आपलं वय सांगितलं. काकांचं नाव तिने परस्परच घालून टाकलं, त्यांना विचारण्यात दिवस जातील म्हणून.

आता पटावर कोणालाच साप चावत नाही. डाव पटपट संपतात आणि भांडणं पूर्वीइतकीच होतात. साप सेवा मात्र क्लाउडवर तीन प्रतींत अहोरात्र चालू आहे आणि दर महिन्याला तिचं बिल येतं. बंद का करत नाहीस, असं विचारलं तर भाचा म्हणतो, "मामा, उद्या स्केल झालं तर?"